दरवाजा बंद होत नाही, दिवा मात्र लुकलुकतो : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरदुरुस्तीच्या या सदरासाठी यंदाच्या हिवाळ्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे गॅरेजच्या दरवाजाविषयी, आणि त्यातही दरवाजा उघडझाक करणाऱ्या मोटारीवरच्या, म्हणजे ओपनरवरच्या, लुकलुकणाऱ्या दिव्यांविषयी आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घराचा खरा रोजचा दरवाजा गॅरेजचाच असतो, त्यामुळे तो अडला की घरच अडते. पुढील उत्तरांत दिव्यांचे जे रंग आणि आकडे दिले आहेत ते लिफ्टमास्टर, चेंबरलेन आणि त्याच कारखान्यातून तयार होऊन आलेल्या क्राफ्ट्समन नावाच्या ओपनरना लागू पडतात. इतर कंपन्यांचे रंग वेगळे असतात. मात्र कारणे आणि तपासणीची रीत बहुतेक तीच राहते.

प्रश्न : आमच्या गॅरेजचा दरवाजा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी आणि रात्री तो व्यवस्थित बंद होतो. परंतु ऑक्टोबरपासून दुपार कलल्यावर रिमोट दाबला की जेमतेम फूटभर खाली येतो, पुन्हा वर जातो आणि मोटारीवरचा मोठा दिवा दहा वेळा लुकलुकतो. खालच्या दोन सेन्सरपैकी एकाचा पिवळसर दिवा नीट लागलेला असतो, दुसऱ्याचा हिरवा दिवा मात्र त्या वेळी मिणमिणतो. तंत्रज्ञाने मोटारीचे सर्किट बोर्ड बदलावे लागेल असे सांगितले आहे, तर एका मित्राने दोन्ही सेन्सर काढून, एकमेकांसमोर चिकटवून, छताजवळ ठेवून देण्याचा सल्ला दिला आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : कृपया दोघांचेही ऐकू नये. आपण दिवसाची वेळ, ऋतू आणि दरवाजाची दिशा या तिन्ही गोष्टी लिहिल्या आहेत, आणि त्यांतच या बिघाडाचे कारण आहे. बोर्ड खराब झाले असते तर ते ऊन पाहून खराब झाले नसते.

दरवाजाच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत बसवलेले ते सेन्सर, म्हणजे दरवाजाचे डोळे, एकसारखे दिसत असले तरी त्यांची कामे वेगळी आहेत. पिवळसर दिव्याचा डोळा डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो आणि हिरव्या दिव्याचा डोळा ते टिपतो. पिवळसर दिवा लागलेला आहे याचा अर्थ त्या डोळ्यापर्यंत वीज पोहोचते आहे, एवढाच होतो. किरण पलीकडे पोहोचतात की नाही, हे केवळ हिरवा दिवा सांगू शकतो. तो स्थिर आणि ठळक असला म्हणजे वाट मोकळी आहे, विझला म्हणजे वाट अडली आहे किंवा डोळे एका रेषेत नाहीत, आणि मिणमिणत असला म्हणजे किरण पोहोचत आहेत पण पुरेसे स्पष्ट नाहीत. मोटारीवरचा मोठा दिवा दहा वेळा लुकलुकतो तो हेच सांगण्यासाठी की, दरवाजा बंद करण्याची आज्ञा मिळाली होती, परंतु डोळ्यांनी वाट मोकळी असल्याची ग्वाही दिली नाही.

सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण भरपूर असतात. कललेले ऊन थेट टिपणाऱ्या डोळ्यात शिरले की समोरून येणारा क्षीण किरण त्याला वेगळा ओळखता येत नाही. सप्टेंबरच्या संपातापासून (दिवस आणि रात्र सारखे असतात त्या दिवसापासून) मार्चच्या संपातापर्यंत सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेकडे मावळतो, म्हणून पश्चिमाभिमुख दरवाजात दुपारनंतरचे ऊन दक्षिणेकडून तिरके आत येते. याचा अर्थ आपला हिरवा डोळा दरवाजाच्या उत्तर बाजूला असून दक्षिणेकडे पाहत असला पाहिजे. गॅरेजच्या आत उभे राहून रस्त्याकडे तोंड केल्यास तो आपल्या उजव्या हाताला असेल. खात्री करून घेण्यासाठी त्रास होतो त्याच वेळी एक पुठ्ठा असा धरावा की हिरव्या डोळ्यावर सावली पडेल, पण दोन डोळ्यांमधली रेष अडणार नाही. हिरवा दिवा तत्काळ स्थिर झाला तर निदान पक्के झाले.

उपाय असा की, ओपनरचा प्लग काढून दोन्ही डोळ्यांची जागा आपसांत बदलावी. दोन्हींच्या वायरी मोटारीच्या त्याच दोन खाचांपर्यंत जातात, त्यामुळे भिंतीतून नवी वायर ओढावी लागत नाही. फक्त पांढरी वायर पांढऱ्या वायरीला आणि काळ्या पट्ट्याची वायर काळ्या पट्ट्याच्या वायरीला जोडली जाईल, याची काळजी घ्यावी. मग हिरवा डोळा दक्षिण बाजूला येऊन उत्तरेकडे पाहू लागेल आणि हिवाळाभर ऊन त्याच्या पाठीमागून जाईल. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे मावळू लागल्यावर थोडा त्रास पुन्हा जाणवला, तर दोन-तीन इंच लांबीची एखादी काळी नळी डोळ्यावर झापडासारखी बसवावी.

जागा बदलल्यावर डोळे एका रेषेत आणणे हे शांतपणे करण्याचे काम आहे. एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत सुतळी ताणून बांधावी, दोन्हींची जमिनीपासूनची उंची मोजून सारखी करावी, आणि पकडीचा स्क्रू किंचित सैल ठेवून हिरवा डोळा हळूहळू फिरवावा. दिवा ठळक झाला की त्याच स्थितीत स्क्रू आवळावा. नंतर दरवाजाच्या रुळाला तळहाताने हलका धक्का देऊन पाहावा. त्या धक्क्याने दिवा थरथरला तर पकड अजून ढिली आहे, आणि दरवाजा धडधडत खाली येताना तीच थरथर पुन्हा होणार आहे. काचेवरची धूळ आणि कोळिष्टके मऊ फडक्याने पुसावीत. ज्यांच्या घरी उन्हाचा संबंध नसतानाही हिरवा दिवा मिणमिणतो, त्यांच्याकडे बहुधा एवढीच कारणे असतात.

आता मित्राच्या सल्ल्याविषयी. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि म्हणूनच त्याविषयी स्पष्ट लिहिणे मला कर्तव्य वाटते. स्वयंचलित दरवाजाखाली सापडून लहान मुले दगावल्यामुळे अमेरिकेच्या संसदेने १९९० मध्ये कायदा केला, आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती ओपनरवर असे बाह्य संरक्षण बंधनकारक झाले. डोळे जमिनीपासून सहा इंचांपेक्षा उंच बसवू नयेत असे जे सांगितले जाते, त्यामागे रांगणारे किंवा पडलेले मूल दिसले पाहिजे, हा विचार आहे. ते डोळे छतावर एकमेकांकडे पाहत बसले तर दरवाजा रोज बिनतक्रार बंद होईल, आणि खाली कोणी आहे की नाही हे त्याला कधीच कळणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत दरवाजा बंद करायचाच असेल तर भिंतीवरचे बटण दरवाजा पूर्ण टेकेपर्यंत दाबून धरावे. या रीतीने डोळ्यांची ग्वाही नसतानाही दरवाजा खाली येतो, पण तेथे माणूस उभा असतो, त्याची नजर दरवाजावर असते आणि बटण सोडताच दरवाजा थांबतो किंवा उलटा फिरतो. रिमोटने मात्र असे करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : मी नाशिकहून सहा महिन्यांसाठी मुलीकडे आलो आहे. मुलगी आणि जावई दिवसभर कामावर असतात. परवापासून गॅरेजच्या भिंतीवरील पट्टीचा दिवा सारखा लुकलुकतो आहे आणि रिमोटने दरवाजा उघडत नाही. भिंतीवरचे बटण मात्र चालते. माझ्याकडून काही बिघडले काय, अशी मला रुखरुख लागली आहे. आमच्या दुकानाला शटर होते, ते हाताने ओढता येई. येथे वीज गेली तर बाहेर कसे पडावे?
— एक ज्येष्ठ वाचक, सध्या डॅलस, टेक्सास

उत्तर : आपल्याकडून काहीही बिघडलेले नाही. त्या पट्टीवर कुलपाचे एक लहान बटण असते. घर बरेच दिवस बंद ठेवून जाताना रिमोटने दरवाजा उघडला जाऊ नये म्हणून ते लावायचे असते, आणि ते लागलेले असल्याची खूण म्हणून पट्टीवरचा दिवा लुकलुकत राहतो. पुसताना किंवा दिव्याचे बटण शोधताना ते चुकून दाबले जाते. तेच बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावे. लुकलुकणे थांबेल आणि रिमोट पूर्ववत चालू लागेल.

वीज गेल्यास छतावरील रुळाखाली लोंबणारी लाल मुठीची दोरी खाली ओढावी, म्हणजे दरवाजा मोटारीपासून सुटतो आणि आपल्या शटरप्रमाणे हाताने उचलता येतो. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. दोरी ओढताना दरवाजा पूर्ण बंद असावा, आणि तो उचलताना नेहमीपेक्षा फार जड वाटला तर जोर न करता सोडून द्यावा, कारण तेव्हा दरवाजाचे वजन तोलणारी स्प्रिंग तुटलेली असण्याची शक्यता असते. मुलगी किंवा जावई घरी असताना एकदा त्यांच्यासमोर हे करून पाहावे.

प्रश्न : गॅरेजमध्ये भिंतीवर नव्या फळ्या बसवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून दरवाजा रिमोटने बंद होईनासा झाला. दोन्ही सेन्सरचे दिवे पूर्ण विझलेले आहेत. मोटारीच्या मागच्या बाजूला वर दाखवणारा बाण एकदा आणि खाली दाखवणारा बाण दोनदा लुकलुकतो. सेन्सरची नवी जोडी आणून बसवली, तरी तेच. आता संपूर्ण मोटार बदलावी का?
— एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : आपण बाणांचे लुकलुकणे मोजले हे फार चांगले केले, ते सेन्सर विकत आणण्यापूर्वी वाचता आले असते तर खर्च वाचला असता.

या ओपनरवर वरचा बाण आधी काही वेळा लुकलुकतो, मग खालचा, आणि थोड्या विरामानंतर हाच क्रम पुन्हा सुरू होतो. जुन्या ओपनरवर बाण नसतात. तेथे ओपनरला नवा रिमोट ओळखायला शिकवण्याच्या बटणाशेजारी एकच बारीक दिवा असतो आणि त्याचेच लुकलुकणे मोजायचे असते. आपल्याकडे वरचा एकदा आणि खालचा दोनदा, म्हणजे एक-दोन. याचा अर्थ डोळ्यांकडे जाणाऱ्या दोन वायरी कोठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत किंवा उलटसुलट जोडल्या गेल्या आहेत. एक-एक असते तर वायर तुटलेली किंवा सुटलेली आहे असे समजावे लागले असते. एक-चार म्हणजे डोळे किंचित तिरके झाले आहेत. आणि चार-सहा म्हणजे दरवाजा खाली येत असताना मध्येच डोळ्यांची रेष तुटली. एक-तीन हा भिंतीवरच्या बटणाच्या वायरीचा दोष असतो, डोळ्यांचा नव्हे. जुन्या एकदिवी ओपनरवर एक-एक, एक-दोन, एक-तीन आणि एक-चार हे दोष अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार लुकलुकण्यांनी दाखवले जातात. ज्यांच्या मोटारीतला मोठा बल्ब गेलेला आहे त्यांना दहा लुकलुकण्यांची खूण दिसतच नाही, म्हणून त्यांनी तर या बाणांकडेच पाहावे.

दोन्ही डोळ्यांचे दिवे एकाच वेळी विझलेले आणि सगळे सुरू झाले ते भिंतीत स्क्रू ठोकल्यानंतर, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तर नव्या फळीचा एखादा स्क्रू वायरीतून आरपार गेला असावा, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. फळ्या बसवलेल्या नसत्या तर मी आधी वायर भिंतीला जखडणाऱ्या स्टेपलवर संशय घेतला असता. घर बांधताना घाईने ठोकलेली एखादी स्टेपल वायरीचे प्लास्टिक थोडेसे दाबून ठेवते, आणि कित्येक वर्षांनी, कोणीही हात लावलेला नसताना, आतल्या दोन तारा एकमेकींना टेकतात. उंदरांनी कुरतडलेली वायरही हाच आकडा दाखवते.

भिंत उकरण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. ओपनरचा प्लग काढावा. डोळ्यांच्या वायरी मोटारीच्या मागे पांढऱ्या आणि करड्या खाचांत खोचलेल्या असतात, त्या बाहेर काढाव्यात. दोन्ही डोळे खालून सोडवून मोटारीजवळ शिडीवर आणावेत आणि हातभर लांबीच्या नव्या वायरीने थेट त्याच खाचांना जोडावेत. पांढरी वायर पांढऱ्या खाचेत, काळ्या पट्ट्याची करड्या खाचेत. प्लग पुन्हा लावावा. आता दोन्ही दिवे लागले तर डोळे आणि मोटार दोन्ही ठीक आहेत आणि दोष भिंतीतल्या वायरीचाच आहे. नव्या डोळ्यांचेही दिवे लागले नाहीत, तरच बोर्डाचा विचार करावा. ही परीक्षा चालू असताना दरवाजा चालवून पाहू नये, कारण त्या वेळी डोळे त्यांच्या जागी नसतात.

वायर दोषी ठरली तर भिंतीतली जुनी वायर शोधत बसण्यापेक्षा नवी दुहेरी वायर भिंतीवरून, कोपऱ्याकोपऱ्याने नेलेली बरी. बारीक तारांची ही वायर हार्डवेअरच्या दुकानात घंटीची वायर म्हणून मिळते. ती जखडताना वायरीला न दाबणाऱ्या अर्धगोल स्टेपल वापराव्यात. मोटार बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : फोनवरून दरवाजा बंद केला की आधी दिवा लुकलुकतो आणि भोंगा वाजतो, त्यानंतर दरवाजा हलतो. रिमोटने बंद केल्यास असे होत नाही. हा दोष आहे का?
— एक वाचक, कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

उत्तर : हा दोष नाही. फोनवरून आज्ञा देणारा माणूस दरवाजासमोर असेलच असे नाही, म्हणून अशा वेळी दरवाजा हलण्यापूर्वी किमान पाच सेकंद आवाज आणि प्रकाश या दोन्हींनी इशारा दिला गेला पाहिजे, असे सुरक्षेचे मानक सांगते. तो आवाज बंद करण्याचा प्रयत्न करू नये.

प्रश्न : गॅरेजमधून दर अर्ध्या मिनिटाला 'पीं' असा आवाज येतो. आधी धुराचा अलार्म असेल असे वाटले. त्याची बॅटरी बदलली तरी आवाज थांबेना. शेवटी मोटारीच्या बाजूला एक लाल दिवा दिसला. दरवाजा मात्र उत्तम चालतो. बॅटरी काढून टाकली तर चालेल का?
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : आपल्या ओपनरमध्ये वीज गेल्यावर वापरावयाची १२ व्होल्टची बॅटरी आहे आणि ती आता विजेचा साठा धरून ठेवू शकत नाही, असे लाल दिवा सांगतो आहे. हिरवा स्थिर दिवा म्हणजे बॅटरी भरलेली, हिरवा लुकलुकणारा म्हणजे भरत असलेली. नारिंगी स्थिर दिवा आणि दर दोन सेकंदांनी आवाज म्हणजे वीज गेलेली असून दरवाजा बॅटरीवर चालतो आहे. नारिंगी लुकलुकणारा दिवा आणि अर्ध्या मिनिटाने आवाज म्हणजे बॅटरी संपत आली आहे.

बॅटरी काढली तर आवाज थांबेल आणि घरच्या विजेवर दरवाजा चालतही राहील. तरीही, आपण कॅलिफोर्नियात राहता म्हणून, तसे करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील वणव्यांच्या वेळी वीज गेली आणि गॅरेजचे जड दरवाजे हाताने उचलता न आल्यामुळे काही जण, विशेषतः वृद्ध माणसे, गाडी असूनही घरातच अडकली. त्यानंतर या राज्याने कायदा केला, आणि १ जुलै २०१९ पासून तेथे विकल्या व बसवल्या जाणाऱ्या घरगुती ओपनरना बॅटरीची जोड असणे बंधनकारक झाले. घरी आईवडील राहायला येत असतील तर ही बॅटरी आपल्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी आहे असे समजावे.

नवी बॅटरी बसवताना प्लग काढावा, लाल वायर लाल टोकाला आणि काळी काळ्या टोकाला जोडावी. पूर्ण भरायला तिला दिवसभर लागू शकतो, तोवर हिरवा दिवा लुकलुकत राहील. ते पाहून ती सदोष समजून परत करू नये. जुनी बॅटरी शिशाची असते आणि घरच्या कचऱ्यात टाकणे बेकायदेशीर आहे. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात अशा बॅटऱ्या परत घेतल्या जातात.

प्रश्न : जानेवारीतल्या कडक थंडीत आमचा दरवाजा जमिनीला टेकतो आणि लगेच पुन्हा वर जातो. दोन्ही सेन्सरचे दिवे ठळक आणि स्थिर आहेत. मोटारीचा जोर वाढवण्याची सोय आहे असे समजले. वाढवू का?
— एक वाचक, मिनियापोलिस, मिनेसोटा

उत्तर : जोर वाढवणे हा अगदी शेवटचा उपाय आहे. डोळ्यांचे दिवे स्थिर आहेत, म्हणजे त्यांची तक्रार नाही. येथे दुसरे संरक्षण काम करते आहे. खाली येणाऱ्या दरवाजाला काही लागले तर त्याने दोन सेकंदांच्या आत उलटे फिरले पाहिजे, असा नियम आहे, आणि आपल्या मोटारीला जमीनच अडथळा वाटते आहे. थंडीत जमिनीखालची माती गोठून काँक्रीट किंचित वर उचलले जाते, खालची रबराची पट्टी ताठ होते, चाकांतले ग्रीस घट्ट होते. दरवाजा पूर्वी जेथे थांबायचा तेथे पोहोचण्याआधीच तो अडतो.

प्रथम दरवाजा बंद स्थितीत असताना लाल दोरी ओढून तो मोटारीपासून सोडवावा आणि हाताने छातीइतक्या उंचीपर्यंत उचलून हळूच हात सैल करावा. तो तेथेच थांबला तर स्प्रिंगचा तोल बरोबर आहे. तो धाडकन खाली यायला लागला किंवा मुळात उचललाच गेला नाही, तर मोटारीला हात न लावता तंत्रज्ञाला बोलवावे. दोन गाड्यांच्या दरवाजाचे वजन साठ किलोपासून शंभर किलोपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असू शकते आणि ते सारे वजन त्या स्प्रिंगने तोललेले असते. पिळलेली स्प्रिंग घरी सोडवण्याच्या प्रयत्नात माणसे गंभीर जखमी होतात; हे काम कितीही हौस असली तरी स्वतः करू नये. फोनवर तंत्रज्ञाला 'ओपनर बिघडला' असे न सांगता 'दरवाजा हातानेही तोलून राहत नाही' असे सांगावे, म्हणजे तो योग्य मापाची स्प्रिंग घेऊन येईल.

तोल ठीक असेल तर बिजागऱ्या आणि चाकांच्या आसांवर थंडीत न गोठणारे सिलिकॉनचे वंगण मारावे, रुळाच्या आतला जुना घट्ट ग्रीस पुसून काढावा आणि रुळात नवे वंगण घालू नये. त्यानंतर ओपनरच्या पुस्तिकेप्रमाणे दरवाजाची खालची मर्यादा पुन्हा ठरवून द्यावी. बहुतेक नव्या ओपनरमध्ये मर्यादा ठरवतानाच मोटार आवश्यक तो जोरही स्वतः मोजून घेते. काम झाल्यावर दीड इंच जाडीची लाकडी फळी उंबऱ्याच्या मधोमध आडवी ठेवून दरवाजा बंद करून पाहावा. फळीला टेकताच तो उलटा फिरला पाहिजे. फिरला नाही तर दुरुस्ती होईपर्यंत ओपनरचा प्लग काढून ठेवावा आणि दरवाजा हातानेच वापरावा.